एकट्याने शिडाची बोट पळवताना: वाशी-बेलापूरच्या खाडीसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेरूळ, वाशी, बेलापूर, ऐरोली आणि ठाण्याकडचे जे कोणी एका माणसाची शिडाची बोट घेऊन शर्यतीत उतरतात, किंवा उतरायच्या तयारीत आहेत, त्यांच्यासाठी हे पान आहे. उदाहरणं बहुतेक लेझरची आहेत, म्हणजे जिला आता आयएलसीए म्हणतात तिची. आपल्याकडे एकट्याच्या शर्यतीत हीच बोट जास्त दिसते. बाकीच्या छोट्या बोटींनाही यातलं बरंचसं लागू पडतं.

माझी बोट इतरांपेक्षा हळू चालते. आधी पैसे कशावर घालू?

अजून कशावरच नको. दोन माणसांच्या बोटीत एक जण सुकाणू धरतो आणि दुसरा दोऱ्या ओढतो. एकट्याचा एक हात टिलरवर, म्हणजे सुकाणू फिरवायच्या दांड्यावर असतो, दुसरा मेनशीटवर, म्हणजे शीड आत-बाहेर करणाऱ्या मुख्य दोरीवर, आणि तिसरा हात नसतो. त्यामुळे एकट्याच्या बोटीचा वेग बराचसा एकाच गोष्टीवर ठरतो: काठावर बसल्या जागेवरून, नजर पाण्यावर ठेवून, शिडाचा आकार किती पटकन बदलता येतो. ज्या दोरीसाठी आत वाकावं लागतं, ती दोरी शर्यतीत कोणी ओढत नाही. मग वारा बदलतो आणि शीड सकाळी लावलं होतं तसंच राहतं.

म्हणून क्रम असा ठेवा. बोटीत शिरणारं पाणी बंद करा. सुकाणू आणि सेंटरबोर्ड (बोटीच्या मध्यातून पाण्यात उतरणारं पातं) दुरुस्त करा. दोऱ्या हाताशी आणा. नवं शीड सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, कारण नवं शीड दुकानात मिळतं आणि बाकीच्या कामांना शनिवार-रविवार द्यावे लागतात.

बोटीच्या पोटात पाणी शिरतंय हे कसं ओळखायचं?

पाण्यातून बाहेर आल्यावर मागच्या बाजूचं बूच काढा आणि बोट मागे कलवा. चार थेंब आले तर काळजी नाही. तांब्याभर आलं तर कुठेतरी फट आहे. आयएलसीएचं रिकामं शरीर सुमारे ५९ किलोचं असतं. त्यात पाच लिटर पाणी म्हणजे पाच किलो वजन, आणि तेही आत इकडून तिकडे हिंदकळणारं.

पहिली तपासणी डोलकाठी ज्या खोबणीत उभी राहते तिची. बोट कोरडी आणि सपाट ठेवा, खोबण काठोकाठ पाण्याने भरा, पाण्याच्या पातळीवर पेन्सिलची खूण करा आणि अर्धा तास थांबा. पातळी खाली गेली तर तळाशी फट आहे. ही दुरुस्ती टाळू नका. जोराच्या वाऱ्यात सगळा ताण याच जागी येतो आणि इथे कमकुवत झालेली बोट भर शर्यतीत डोलकाठीसकट डेक फाडून घेते. काठीच्या बुडाशी वाळू अडकून खोबण घासली जाते, म्हणून काठी लावण्याआधी दर वेळी खोबण धुवायची. आपल्या खाडीचा गाळ बारीक असतो आणि ओल्या खोबणीत चिकटून बसतो.

दुसरी तपासणी डेकवरच्या स्क्रूंची आणि आपोआप पाणी काढणाऱ्या बेलरची. साबणाचं पाणी प्रत्येक स्क्रूभोवती लावा आणि बुचाच्या भोकातून तोंडाने हळू फुंका. जिथे बुडबुडे येतील तिथे फट. सायकलचा पंप किंवा कॉम्प्रेसर अजिबात लावू नका, डेकचा सांधा उखडतो. सापडलेला स्क्रू काढा, भोक वाळू द्या, मरीन सीलंट भरून परत बसवा.

आत मुरलेलं पाणी वाळवायला ऑक्टोबरची उन्हं उत्तम. बोट सावलीत, बुचाची आणि तपासणीची झाकणं उघडी, आणि आत हवा जाईल असा छोटा पंखा. भर पावसाळ्यात हा खटाटोप करू नका, हवेतच इतकं पाणी असतं की काही वाळत नाही.

तळाला मेण लावावं का?

वेग मेणामुळे वाढत नाही. स्वच्छ, ओरखडे नसलेला आणि चिकटपणा नसलेला तळ हवा. कमी वाऱ्यात बोटीला अडवणारा मोठा भाग म्हणजे पाण्याचं घर्षण, त्यामुळे दोन-चार नॉटच्या (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) संथ दिवशी घाण तळाची शिक्षा सगळ्यात जास्त. बोट खाडीत नांगरून ठेवत असाल तर काही दिवसांतच तळावर बुळबुळीत थर येतो. शक्य असेल तर ती काठावर ट्रॉलीवर ठेवा. खोल ओरखडे जेलकोटने, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या गुळगुळीत थराच्या लेपाने भरा. पाण्यातलं घर्षण कमी करणारं रसायन सोडणं किंवा तळाला खास पोत देणं शर्यतीच्या नियमांत बसत नाही. घासकाम करण्याआधी तुमच्या वर्गाचे नियम वाचा, कारण एकसारख्या बोटींच्या वर्गात तळाचा आकार बदलण्याला जागाच नसते.

सेंटरबोर्ड आणि सुकाणूचं काय?

इथे कमी कष्टात जास्त फळ आहे. वाऱ्याच्या तोंडावर चढताना बोट बाजूला घसरू नये हे काम ही दोन पाती करतात. पुढच्या धारेवर टवका उडाला असेल तर पाण्याचा प्रवाह तिथूनच फाटतो. अंगठ्याचं नख धारेवरून फिरवून पाहा. जिथे नख अडतं तिथे पाणीही अडतं.

सुकाणूचं पातं पाण्यात पूर्ण खाली आहे का, ते दर शर्यतीआधी पाहायचं. खाली धरून ठेवणारी दोरी सैल असेल तर वेगात पातं मागे तिरकं होतं आणि टिलर जड लागायला लागतो. मग नवखा माणूस म्हणतो की बोट वाऱ्याकडे ओढते, आणि दोष शिडात शोधत बसतो. टिलर आणि सुकाणूच्या डोक्यामधली ढिलाईही काढा. बारीक थरथर हातात येते आणि आपण नकळत सतत टिलर हलवत राहतो. प्रत्येक हलवणं हा थोडासा ब्रेकच असतो.

आपल्याकडची वेगळी अडचण म्हणजे तळ. ओहोटीला सागर विहारच्या काठावर उभं राहून पाहिलंत तर चिखल किती लांबवर उघडा पडतो ते दिसतं. सेंटरबोर्ड मऊ चिखलात रुतला तर बहुतेकदा काही होत नाही, पण शिंपल्यांच्या जागी किंवा जुन्या खुंटावर आदळला की टोक जातं. घरी येऊन टोक धुवा, पाहा, आणि पाती कापडी पिशवीत ठेवा.

कुठल्या दोऱ्या बदलू आणि कशा?

आयएलसीएवर शिडाचा आकार बदलणाऱ्या दोऱ्या तीन. वँग बूमला, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या काठीला, खाली धरून ठेवतो. कनिंगहॅम शिडाची पुढची कड खाली ओढतो. आउटहॉल शिडाचा खालचा कोपरा बूमच्या टोकाकडे ताणतो. २००१ नंतरच्या नियमांत या तिन्हींना जास्त पुल्यांची व्यवस्था चालते. जुन्या बोटीवर अजून जुनी व्यवस्था असेल तर खर्च इथे करा. पैशाचा इतका चांगला मोबदला दुसरीकडे नाही.

वँगला ताण सगळ्यात जास्त, म्हणून तिथे डायनीमासारखी न ताणली जाणारी दोरी. आउटहॉलचा आतला भागही तसाच. हातात येणारा भाग मात्र जाडसर आणि मऊ ठेवा, ओल्या हाताने बारीक दोरी ओढताना बोटं कापतात. मेनशीट सहा किंवा सात मिलिमीटरची, पाणी न पिणारी. जाड मेनशीट धरायला बरी वाटते, पण कमी वाऱ्यात ती पुल्यांतून सरकत नाही आणि बूम बाहेर जायलाच तयार होत नाही.

प्रत्येक दोरीच्या टोकाला हाताचा पंजा अडकेल एवढा फास करा. काठावरून मागे झुकलेलं असताना तो फास दिसला पाहिजे आणि पोचला पाहिजे. हे घरीच तपासता येतं. बोट ट्रॉलीवर ठेवा, पाय पट्ट्यात अडकवा, पाठ मागे टाका, डोळे मिटा आणि वँग शोधा. हात चाचपडत राहिला तर फासाची लांबी चुकली आहे. वँग आणि आउटहॉलच्या दोऱ्यांवर पक्क्या शाईच्या तीन खुणा करा: कमी, मध्यम आणि जास्त वाऱ्यासाठी. गोंधळाच्या क्षणी विचार करायला वेळ नसतो, तेव्हा खुणा कामाला येतात.

ट्रॅव्हलर, म्हणजे मागे टिलरवरून जाणारी दोरी, कडक ताणलेली हवी. ती सैल असेल तर बूम मध्यावर सरकते आणि बोट पुढे जाण्याऐवजी बाजूला रेटली जाते.

शीड कुठल्या वाऱ्यात कसं लावायचं?

आधी टेलटेल वाचायला शिका. शिडाच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना चिकटवलेले लोकरीचे धागे मागे सरळ वाहत असतील तर वारा शिडाला चिकटून जातोय. वाऱ्यावर चढताना आतल्या बाजूचा धागा वर उडायला लागला की तुम्ही वाऱ्यात जास्त शिरलात. पलीकडचा धागा लोंबला की कमी शिरलात. धागा ओला होऊन शिडाला चिकटला तर काही सांगत नाही, म्हणून लोकर हलकी घ्या आणि शीड धुतल्यावर नीट सोडवा.

अगदी कमी वाऱ्यात, पाणी आरशासारखं असताना, वँग जवळजवळ सैल. मेनशीटही पूर्ण ओढायची नाही, तिचे दोन्ही ब्लॉक (पुल्या) एकमेकांपासून थोडे लांब राहू द्या, म्हणजे शिडाची मागची कड उघडी राहते. आउटहॉल अगदी सैल सोडू नका. मंद वारा खोल वळणाला चिकटून राहू शकत नाही.

वारा सात-आठ नॉटवर गेला की मेनशीट दोन्ही ब्लॉक टेकेपर्यंत ओढा आणि वँगमधली ढिलाई तेवढी काढून घ्या. बूम आणि शिडाची खालची कड यांच्यामध्ये सगळ्यात खोल जागी विताहून थोडं कमी अंतर चांगलं. लाटा असतील तर थोडं जास्त ठेवा, लाट कापायला ताकद लागते. बोट सपाट ठेवायला पूर्ण मागे झुकावं लागेपर्यंत कनिंगहॅमला हात लावायची गरज नाही.

बारा-पंधरा नॉटवर गोष्ट बदलते. आता ताकद कमी कशी करायची हा प्रश्न असतो. वँग जोरात ओढा म्हणजे काठी वाकते आणि शीड चपटं होतं. कनिंगहॅम जोरात ओढा म्हणजे शिडाचा पोटाडा पुढे सरकतो. आउटहॉल ताणा. झोत आला की मेनशीट थोडी सोडा, झोत गेला की परत ओढा. वँग कडक असल्याने मेनशीट सोडली तरी बूम वर उचलली जात नाही, फक्त बाहेर जाते. हेच हवं असतं.

एक गोष्ट मात्र जिवावर बेतते. वँग कडक असताना वरच्या बोयीला, म्हणजे वाऱ्याकडच्या टोकाला तरंगणाऱ्या शर्यतीच्या खुणेला, वळसा घालून खाली वळलात, तर बाहेर गेलेल्या बूमचं टोक पाण्यात बुडतं आणि बोट उलटते. म्हणून बोयीच्या आधी दोन-तीन बोटींच्या अंतरावर मेनशीट पूर्ण ओढलेली असतानाच वँग सोडायचा, कारण त्या क्षणी त्यावरचा ताण कमी असतो आणि तो एका झटक्यात सुटतो. मग कनिंगहॅम, मग वळण, आणि आउटहॉल वळल्यानंतर सवडीने. हा क्रम हातात बसेपर्यंत रोज गिरवा.

बोट एका बाजूला झुकली की ती सुसाट वाटते. खरंच वेग वाढतो का?

आवाज वाढतो, वेग नाही. झुकलेली बोट वाऱ्याकडे वळू पाहते, ती सरळ ठेवायला टिलर खेचून धरावा लागतो, आणि पाण्यात तिरकं झालेलं सुकाणू तिला अडवतं. आयएलसीएची पाण्यातली लांबी साधारण ३.८ मीटर. एवढ्या लांबीची बोट पाणी फाडत चालते तेव्हा तिची मर्यादा पावणेपाच नॉटच्या आसपास असते. त्याच्या पुढे जायचं तर तिला पाण्यावर उचलून तरंगत धावू द्यावं लागतं, आणि झुकलेली बोट तशी उचलली जात नाही. सपाट ठेवा.

अपवाद मंद वाऱ्याचा. तेव्हा शिडाच्या बाजूला थोडी झुकवली तर पाण्याला टेकणारा तळ कमी होतो आणि शीड स्वतःच्या वजनाने आकारात पडतं. वाऱ्यामागे जाताना उलट बाजूला, म्हणजे तुमच्याकडे, थोडी झुकवा, टिलर हलका होतो.

आपल्या खाडीत वारा कधी आणि कुठून येतो?

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा असतो, पूर्वेकडचा, हलका आणि लहरी. साडेदहा-अकराच्या सुमाराला तो मरतो आणि खाडी स्तब्ध होते. मग दुपारी पश्चिम-वायव्येकडून खारा वारा येतो आणि तीन ते पाचच्या दरम्यान जोरात असतो. मार्च ते मे हा वारा लवकर उठतो आणि जास्त जोराचा असतो.

अडचण अशी की हा वारा मुंबई शहरावरून आणि ट्रॉम्बेच्या टेकडीवरून येतो. त्यामुळे पश्चिम काठाजवळ तो तुटक आणि झोतांचा, तर नवी मुंबईच्या काठाकडे त्यातल्या त्यात स्थिर. टेकडीच्या आडोशाला पाणी शांत दिसतं म्हणून तिथून चढायचा मोह होतो, पण तिथे बोट उभी राहते. पाण्यावरचा गडद पट्टा शोधा. तो झोत आहे. तो पोचण्याआधी काठावर मागे झुकलेले असा, पोचल्यावर नाही.

एकट्याच्या सरावासाठी खाडीचा हा लहरीपणा फायद्याचा. मोठ्या समुद्रात तासभर एका दिशेने चालवणाऱ्याला जेवढे बदल हाताळावे लागत नाहीत, तेवढे इथे दहा मिनिटांत हाताळावे लागतात. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई खेळांत आयएलसीए ४ (सगळ्यात लहान शिडाच्या प्रकारा) मध्ये रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर भोपाळच्या तलावावर तयार झाली. त्याच खेळांत विष्णू सरवणनने आयएलसीए ७ (सगळ्यात मोठ्या शिडाच्या प्रकारा) मध्ये कांस्य मिळवलं. अडगळीचं पाणी म्हणून कोणी नाक मुरडलं तर नेहाचं उदाहरण द्या.

भरती-ओहोटीचा शर्यतीवर किती परिणाम होतो?

इथे जिंकणं-हरणं बऱ्याचदा त्यावरच ठरतं. एक नॉटचा विरुद्ध प्रवाह अर्धा तास सोसलात तर अर्धा सागरी मैल, म्हणजे नऊशेहून जास्त मीटर मागे राहता. कुठलंही नवं शीड एवढं अंतर भरून देत नाही. उधाणाच्या दिवसांत प्रवाह याहून जोराचा असतो.

प्रवाह खोल पाण्यात जोरात आणि उथळ काठाला मंद असतो. विरुद्ध असेल तर काठाकडे सरका, सोबत असेल तर मधल्या खोल भागात राहा. काठाकडे जाताना सेंटरबोर्ड किती खाली आहे याचं भान हवं. प्रवाहाविरुद्ध वारा असेल तर छोट्या, उभ्या लाटा उठतात. तिथे शीड थोडं भरलेलं ठेवा आणि वाऱ्यात फार शिरू नका.

वेळ काढायची आपली जुनी रीत अजून कामाची आहे. तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. वाशीपर्यंत आत येईतो ती थोडी मागाहून येते. आता हे खाऱ्या वाऱ्याशी जोडून पाहा. दुपारी दीड ते पावणेचारच्या दरम्यान भरती आणि त्याच वेळी चांगला वारा, हा योग दोन्ही पक्षांत द्वितीया ते पंचमीला येतो. सरावाचे दिवस कॅलेंडरवर त्यानुसार आखा. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं, प्रवाह मंद असतो, आणि दुपारी बारा-साडेबाराला ओहोटीचा तळ. त्या दिवशी दुपारी बोट काढलीत तर काठाला चिखल तुडवावा लागेल. शर्यतीच्या दिवशी मात्र अधिकृत भरतीपत्रकच पाहा.

पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत अर्धं पाणी येतं आणि प्रवाह तेव्हाच सगळ्यात जोराचा.

जाळी आणि प्लास्टिक सुकाणूला अडकतं. उपाय?

बोट अचानक जड वाटली, मागे पाणी बुडबुडायला लागलं किंवा टिलर थरथरला की आधी हाच संशय घ्या. सेंटरबोर्ड पटकन अर्धा वर खेचून परत खाली सोडा, पिशवी बहुतेकदा निघते. सुकाणूवर असेल तर मागे वाकून हाताने काढा. दर बोयीच्या आधी मागे एकदा नजर टाकायची सवय लावा.

जाळ्यांचं वेगळं. दिवाळे, करावे, वाशीगाव इथल्या कोळी मंडळींची ती रोजीरोटी आहे. खुंट आणि तरंगणारे डबे दिसले की लांबून जा. त्यांच्याशी बोला, कुठे जाळी आहेत ते सांगतात, आणि गाळ कुठे साचलाय हेही नकाशापेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक. चुकून अडकलात तर जाळं कापू नका. आधी शीड सोडा, सेंटरबोर्ड आणि सुकाणू वर घ्या, बोट आपसूक सुटते. सुरी जवळ हवीच, पण ती तुमच्या पायात दोरी गुंतली तर वापरायला.

सुरुवातीची रेषा कशी पकडू? एकट्याला घड्याळ बघायलाही वेळ नसतो.

पाच मिनिटं आधी इशारा, चार मिनिटं आधी तयारीचा बावटा, एक मिनिट उरलं की तो खाली. मनगटी घड्याळ मोठ्या आकड्यांचं घ्या आणि डोलकाठीला किंवा जॅकेटच्या बाहीवर बांधा, म्हणजे हात वळवावा लागत नाही.

रेषेच्या दोन्ही टोकांच्या सरळ रेषेत किनाऱ्यावरची एक खूण शोधून ठेवा: पुलाचा खांब, टॉवर, उंच इमारतीचा कोपरा. ती खूण जुळली म्हणजे तुम्ही रेषेवर. आपल्या खाडीत प्रवाह बोटींना हळूहळू ढकलत असतो, म्हणून शेवटची तीन मिनिटं शीड सोडून उभं राहा आणि कुठे वाहून जाता ते बघा. प्रवाह रेषेकडे ढकलत असेल तर मागे थांबा, लांब ढकलत असेल तर जवळ.

वाऱ्यामागे जाताना मागचे पुढे निघून जातात.

सेंटरबोर्ड बहुधा पूर्ण खालीच राहिलेला असतो. तो निम्म्याच्या वर घ्या, पण बूमला किंवा वँगला अडणार नाही एवढाच. वँग सैल, म्हणजे शिडाची वरची कड वाऱ्यात श्वास घेते. मग लाट बघून चालवा. मागून लाट उचलते तेव्हा पुढे सरका, बोट लाटेवरून घसरायला लागली की परत मागे. लाट किंवा झोत पकडताना मेनशीट एकदा झटक्याने ओढायला नियमात मुभा आहे, तीही वाऱ्यावर चढत नसताना. सतत पंख्यासारखं ओढत राहिलात तर पंच पिवळा बावटा दाखवतात.

बोट उलटली आणि डोलकाठी चिखलात रुतली तर?

उथळ खाडीत हे होतंच. बोट पूर्ण पालथी झाली की काठीचं टोक गाळात जातं. सेंटरबोर्डच्या टोकावर उभं राहून जोर लावू नका, काठीचा वरचा भाग वाकतो किंवा बोर्ड मोडतो. बोटीच्या शरीराजवळ उभे राहा, सावकाश वजन टाका, आणि बोटीला प्रवाहाबरोबर फिरू द्या. काठी ज्या दिशेने आत गेली त्याच दिशेने बाहेर निघते. नाहीच निघाली तर बचावबोटीला हात करा.

वाकलेली काठी ओळखायला तिचा वरचा भाग सपाट फरशीवर गोल फिरवा. डोलत फिरली तर वाकली आहे. अशी काठी शिडाचा आकार एका बाजूने वेगळा आणि दुसऱ्या बाजूने वेगळा करते.

शर्यत एकट्याची असली तरी पाण्यावर एकटं जायचं नाही. सोबत दुसरी बोट हवी किंवा काठावर निघण्याची आणि परतण्याची वेळ माहीत असलेलं कोणी हवं. लाइफ जॅकेट, शिटी, पाणी, जलरोधक पिशवीत फोन. तटरक्षक दलाचा शोध आणि बचावाचा क्रमांक १५५४, फोनमध्ये आधीच साठवून ठेवा.

माझं वजन ५८ किलो आहे. कुठलं शीड घेऊ?

बोट एकच, शिडं तीन: आयएलसीए ७ चं ७.०६ चौरस मीटर, ६ चं ५.७६ आणि ४ चं ४.७. ऐंशीच्या आसपास वजन असलेल्याला ७, साठ-सत्तरच्या घरात ६, त्याहून हलक्याला ४. तुम्ही ४ आणि ६ यांच्या सीमेवर आहात. हिवाळ्यात ६ चालेल, एप्रिल-मेच्या दुपारी ४ लावा. मोठं शीड हट्टाने वापरणारा हलका माणूस जोराच्या वाऱ्यात सगळा वेळ शीड सोडून फडफडवत बसतो.

वजनाइतकीच मांड्यांची आणि पोटाची ताकद महत्त्वाची. फ्लॅटमध्ये एक बाक, त्याखाली पाय अडकवायला पट्टा, आणि रोज बातम्या संपेपर्यंत मागे झुकून बसणं. पट्ट्याची लांबी बाकावर ठरवा आणि तीच बोटीवर लावा.

खाडीत कुठे जायचं नाही?

ट्रॉम्बेच्या बाजूला भाभा अणुसंशोधन केंद्राचा किनारा आहे, तिकडे फिरकू नका. दक्षिणेला जेएनपीए बंदराची जहाजांची वाट आहे. मोठं जहाज थांबू शकत नाही आणि त्याच्या आडोशाला तुमचा वारा जातो. वाशी आणि ऐरोली पुलांच्या दरम्यान पश्चिम काठाला फ्लेमिंगो अभयारण्य आहे. २०१५ मध्ये ते घोषित झालं आणि २०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. थंडीत पक्षी चिखलावर उतरलेले असतात, शीड जवळ आलं की अख्खा थवा उडतो. पुलांखालून जाऊ नका, खांबांमध्ये प्रवाह अडून फिरतो आणि वारा गायब होतो. नवीन जागी बोट उतरवण्याआधी महाराष्ट्र सागरी मंडळ आणि जवळच्या पोलिस ठाण्यात विचारा.

पावसाळ्यात बोटीचं काय करायचं?

जून ते सप्टेंबर पाण्यात उतरायचं नाही. यांत्रिक मासेमारीही १ जून ते ३१ जुलै बंद असते, त्याला कारण आहे. शीड गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, गुंडाळून ठेवा. घडी घातली की घडीवर कापड मोडतं. काठीच्या ॲल्युमिनियमला जिथे स्टीलचे रिव्हेट आहेत तिथे खारं पाणी राहिलं तर पांढरी पूड धरते, तिथे आतूनबाहेरून गोडं पाणी सोडा. बोट पालथी, जमिनीपासून वर, बूच काढून. दोऱ्या बादलीत भिजवून मीठ काढा. पुल्या फिरतात का पाहा, अडकणारी आत्ताच बदला, ऑक्टोबरमध्ये सगळ्यांना एकदमच लागतात.

माझी बोट लेझर नाही, छोटी केबिनवाली आहे. तिच्यावर एकट्याने शर्यत करता येईल?

येईल. शिडांच्या सगळ्या दोऱ्या काठीपासून मागे बसण्याच्या जागेत आणा, म्हणजे पुढे जावं लागणार नाही. पुढचं शीड गुंडाळता येणारं घ्या. टिलरला क्षणभर एका जागी धरून ठेवणारी व्यवस्था किंवा छोटा ऑटोपायलट हवा, तेवढ्या वेळात दोन्ही हात मोकळे होतात. शर्यतीच्या सूचनेत ऑटोपायलट चालतो का ते मात्र आधी विचारा, कारण बऱ्याच शर्यतींत बोट फक्त माणसाच्या ताकदीने चालवायची अट असते. बोटीवर एकटे असताना कंबरेचा पट्टा बोटीला बांधलेला असू द्या. शीड वर असलेली बोट माणूस पडला म्हणून थांबत नाही.